सुया टोचून घेण्याआधी

मंडळी, हल्ली आमच्या पारनेरातही गुडघेदुखीवरून ॲक्युपंक्चरचा विषय निघतो. म्हणून हा थोडा इतिहास.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ही विद्या भारतात आणली ती त्यांचे पथकातले सोबती डॉ. बिजॉय बसू यांनी, १९५९ च्या सुमारास, कोलकात्यात. महाराष्ट्राने पुढे २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. कायद्यामुळे उपचारकाची नोंदणी आली, तेव्हा ती विचारायला लाजू नका. सुई नव्या पाकिटातलीच हवी. वापरलेल्या सुईतून कावीळ येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका बरं!