तणनाशके व संवर्धित वनस्पति–कोशिका
वनस्पतीच्या शरीरातून वेगळ्या काढलेल्या कोशिका (पेशी) निर्जंतुक पोषक माध्यमात वाढविण्याच्या तंत्रास कोशिका–संवर्धन म्हणतात. अशा कोशिकांवर तणनाशकांचा होणारा परिणाम दुहेरी असतो. काही तणनाशके अत्यल्प प्रमाणात वाढीस पोषक ठरतात, तर बहुतेक वाढ थांबवितात. या परिणामांच्या अभ्यासातून तणे तणनाशकांना कशी दाद देईनाशी होतील, याची पूर्वसूचनाही मिळाली होती.

सुट्या कोशिका वाढविण्याचा प्रयत्न ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गोटलीप हाबरलांट यांनी १९०२ मध्ये केला. कोशिका काही काळ जगल्या; परंतु त्यांचे विभाजन झाले नाही. पुढे ऑक्सिन या वृद्धिनियंत्रकांचा शोध लागला आणि १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे व नोबेकूर यांनी गाजराच्या ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांची) दीर्घकाळ वाढणारी संवर्धने मिळविली.

याच सुमारास कृत्रिम ऑक्सिनांचा शोध चालू होता. २,४–डी या संयुगाचा वृद्धिनियंत्रक गुण झिमरमन व हिचकॉक यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत नोंदला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची तणनाशक शक्ती लक्षात आली व १९४५ पासून ते बाजारात आले. शेतात हेक्टरी सु. ०·५ ते १ किग्रॅ. या प्रमाणात फवारल्यास रुंद पानांची तणे वेडीवाकडी वाढून मरतात. तृणधान्ये बहुधा बचावतात. मात्र माध्यमात दर लिटरला सु. ०·१ ते २ मिग्रॅ. एवढेच २,४–डी घातल्यास कोशिकांचे विभाजन चालू राहते. गॅम्बोर्ग व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सोयाबीनच्या मूलकोशिकांसाठी सिद्ध केलेल्या माध्यमात ते लिटरला १ मिग्रॅ. होते. नैसर्गिक ऑक्सिनाचे ऊतकात लवकर विघटन होते, तसे २,४–डीचे होत नाही. हा टिकाऊपणा शेतात मारक, तर काचपात्रात उपकारक ठरतो. तथापि ते माध्यमात राहिल्यास गाजराच्या कोशिकांपासून भ्रूणाची पुढील वाढ होत नाही. ते काढून घेतल्यावर भ्रूण वाढतात, असे हॅल्पेरिन व वेदरेल यांच्या १९६४ च्या संशोधनातून दिसून आले. ऑक्सिनाचा कोशिकेतील ग्राही (ऑक्सिन ज्याला जोडले जाते ते प्रथिन) २००५ मध्ये ओळखला गेला. २,४–डीही त्यालाच जोडले जाते.

इतर तणनाशकांचा परिणाम त्यांच्या क्रियास्थानावर अवलंबून असतो. ॲट्राझीन व डाययुरॉन ही प्रकाशसंश्लेषण रोखतात; त्यामुळे माध्यमातील साखरेवर पोसलेल्या कोशिकांवर त्यांचा विशेष प्रभाव पडत नाही. क्लोरसल्फ्यूरॉन हे ॲमिनो अम्लांच्या निर्मितीस लागणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडविणारे प्रथिन) बंद पाडते. तंबाखूच्या कोशिकांची वाढ त्याच्या अब्जांश प्रमाणानेही रोखली जाते.

एका पात्रात लक्षावधी कोशिका असतात व त्यांतील एखादीत अनुकूल उत्परिवर्तन (आनुवंशिक बदल) झालेले असू शकते. माध्यमात तणनाशक घातले की इतर कोशिकांची वाढ थांबते व तीच वाढते. चॅलेफ व पार्सन्स यांनी १९७८ मध्ये पिक्लोरॅमाला दाद न देणाऱ्या तंबाखूच्या कोशिका अशा रीतीने निवडून त्यांपासून झाडे मिळविली. त्यांतील काहींचा प्रतिकार पुढील पिढीतही उतरला. चॅलेफ व रे यांनी १९८४ मध्ये क्लोरसल्फ्यूरॉनाबाबत हेच केले. तेथे एकाच जीनमधील (आनुवंशिक घटकातील) बदल प्रतिकारास पुरेसा होता. ऊतक–संवर्धनातून निवडलेले इमिडॅझोलिनोन–सहिष्णू मक्याचे वाण पुढे अमेरिकेत लागवडीत आले.

जे काचपात्रात घडते ते शेतातही घडू शकते, कारण तणांच्या असंख्य बिया हाही तसाच एक विशाल समूह असतो. क्लोरसल्फ्यूरॉन १९८२ मध्ये विक्रीस आले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यात गव्हाच्या शेतात त्याला दाद न देणारे काटेरी रानटी लेट्यूस आढळले. ग्लायफोसेटाच्या बाबतीतही असेच घडले. त्याला सरावलेल्या पिटूनियाच्या कोशिकांत लक्ष्य–एंझाइमाच्या जीनच्या प्रती सु. वीस पट झाल्याचे १९८६ मध्ये दिसले. २०१० मध्ये जॉर्जिया राज्यातील पामर माठ या प्रतिकारक तणातही त्याच एंझाइमाच्या जीनच्या प्रती ५ ते १६० हून अधिक पट आढळल्या.

मात्र पात्रातील कोशिकांना पर्णत्वचा, मृदा व अन्नद्रव्यांचे वहन यांचा संबंध येत नाही; त्यामुळे शेतातील योग्य मात्रा केवळ या प्रयोगांवरून ठरविता येत नाही. प्रतिकार किती सहज उद्भवू शकेल, हे मात्र त्यांवरून आधीच अजमावता येते. म्हणूनच एकाच क्रियास्थानाचे तणनाशक वर्षानुवर्षे न वापरता ते आलटूनपालटून वापरणे आणि त्याला खुरपणी, कोळपणी व पिकांची फेरपालट यांची जोड देणे हितावह ठरते.