कॅथलिक धर्मसंघ आणि हक्कांचे शिक्षण

भारतातील कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या शिक्षणात सामाजिक न्याय हा विषय अभ्यासक्रमातून आला नाही, तो कोर्टकचेरीतून आला. 1885 मध्ये बेल्जियन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू कॉन्स्टंट लीव्हन्स छोटानागपूरला पोहोचले. मुंडा आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदार बळकावत होते, वर सारा वाढवून वेठबिगारीही करून घेत होते. लीव्हन्स यांनी तिथला जमीनधारणेचा रिवाज समजून घेतला आणि दाव्यांत शेतकऱ्यांना सल्ला देऊ लागले. हजारोंनी धर्मांतर केले. खटल्यातली मदत हेच त्यामागचे आमिष होते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पण पुढे 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्यात आदिवासींच्या खुंटकट्टी हक्कांना, म्हणजे जंगल साफ करून गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांच्या जमिनीवरील हक्कांना, जागा मिळाली, त्यात जॉन हॉफमन या दुसऱ्या येशूसंघीयाच्या अभ्यासाचा वाटा होता. जमिनीच्या हक्कांचे हे ज्ञान लीव्हन्स किंवा हॉफमन यांना कोणत्याही सेमिनरीत शिकवलेले नव्हते. तिथे लॅटिन, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान चाले. पोप तेरावे लिओ यांचे 1891 चे ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्र कामगारांच्या न्याय्य वेतनाविषयी बोलत होते खरे, पण त्याच्या डोळ्यांसमोर युरोपातले कारखाने होते.

स्वातंत्र्यानंतर मात्र या कामाला संस्थेचे रूप आले. 1949 मध्ये येशूसंघाचे प्रमुख यान्सेन्स यांनी सामाजिक कार्याविषयी सूचनापत्र काढले. त्याच सुमारास संविधान सभेचे सदस्य असलेल्या जेरोम डिसूझा यांच्याकडे भारतातल्या कामाची जबाबदारी आली आणि 1951 मध्ये पुण्यात इंडियन सोशल इन्स्टिट्यूट सुरू झाली. 1963 मध्ये ती दिल्लीला हलली. प्रशिक्षणाचे केंद्र बंगळूरला उभे राहिले. त्या काळी भर होता तो ग्रामविकासावर: सहकारी संस्था, शेतीसुधारणा, आरोग्य.

खरे वळण आले ते सत्तरच्या दशकात. 1971 च्या बिशपांच्या जागतिक सभेने, म्हणजे सिनॉडने, न्यायासाठी झटणे हा सुवार्ताप्रसाराचाच अंगभूत भाग ठरवला. 1974-75 च्या येशूसंघाच्या बत्तिसाव्या महासभेने संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो आरुपे यांच्या नेतृत्वाखाली श्रद्धेची सेवा आणि न्यायाचा आग्रह एकत्र बांधला. संघातच त्यावर वाद झाले. नामांकित शाळा-कॉलेजे चालवणाऱ्यांना हा ठराव आपल्याच कामावरचा ठपका वाटला. बंगळूरच्या केंद्राची सूत्रे 1975 पासून दशकाहून अधिक काळ येशूसंघीय स्टॅन स्वामी यांच्याकडे होती. पाहा, पारखा, कृती करा ही बेल्जियन धर्मगुरू कार्डाइन यांची जुनी पद्धत अशा प्रशिक्षणांत होतीच, आता तिला सामाजिक विश्लेषणाची धार आली. गावात विहीर नाही, तर विहीर खोदून देणे हे पहिले उत्तर. पाण्याच्या वाटपाचा निर्णय कोण घेते, सातबारा कोणाच्या नावावर आहे, कर्ज कोण देते आणि किती व्याजाने, हे विचारायला शिकवणे हे दुसरे. दुसरे उत्तर अधिक महाग पडते, कारण त्यात कोणाच्या तरी हितसंबंधाला धक्का लागतो.

धर्मभगिनी संख्येने धर्मगुरूंपेक्षा कितीतरी अधिक, तरी असे शिक्षण त्यांच्यापर्यंत उशिराच पोहोचले. पुण्यात 1982 मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्रीवाणी’ या संस्थेने त्यांच्या आणि इतर स्त्रियांच्या प्रश्नांकडे लक्ष वळवले. पुढे अनेक धर्मभगिनींनी कायद्याची पदवी घेऊन वकिली सुरू केली. मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात धर्मभगिनी रानी मारिया यांनी शेतमजुरांना संघटित करून सावकारांच्या विळख्यातून सोडवण्याचे काम केले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसप्रवासात त्यांचा खून झाला. 2017 मध्ये इंदूरला त्यांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले.

स्टॅन स्वामी पुढे झारखंडला गेले आणि कच्च्या कैदेत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून एल्गार परिषद प्रकरणात 8 ऑक्टोबर 2020 रोजी त्यांना अटक झाली. जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयापुढे असतानाच 5 जुलै 2021 रोजी, 84 व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

हक्कांची भाषा शिकलेल्यांनी तीच मोजपट्टी घरात, म्हणजे चर्चलाही लावली. दलित ख्रिस्ती 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, ही सरकारविरुद्धची तक्रार जुनीच. चर्चमधल्या जातिभेदाविषयी बोलणे मात्र अवघड होते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चच्या आत अस्पृश्यता आणि भेदभाव चालतो हे लेखी कबूल केले.