तप्त स्नेह आणि शीतल जल

जाळाने भाजणे आणि कढत तेलाने पोळणे यांतील भेद प्राचीन भारतीय वैद्यकाने ओळखला होता. तापलेले स्निग्ध द्रव्य सूक्ष्म शिरांवाटे त्वचेत शिरून सत्वर दाह करते, असे सुश्रुतसंहिता सांगते. निरीक्षण मार्मिक होते. पण त्वचा केवळ होरपळली असता त्या ग्रंथाने शेकच सुचविला, थंड पाणी त्याज्य मानले. लंडनचे शल्यवैद्य जेम्स अर्ल यांनी १७९९ मध्ये थंड पाणी व बर्फ यांचा पुरस्कार केला. बर्फानेही कातडीस अपाय होतो, हे पुढे उमगले. आजचे वैद्यक पोळलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावयास सांगते. तूप वा हळद लावू देत नाही. आधणाचे भांडे मुलाच्या हाताबाहेर ठेवले, तर मात्र या उपचाराची वेळच येत नाही.