जुनी डिझेल गाडी ‘ठकठक’ वाजतेय? इंजिन उघडायच्या आधी आवाज कुठून येतो ते असं शोधा

दहा-बारा वर्षं जुनी डिझेल गाडी, दीड लाख किलोमीटरच्या पुढे रनिंग, आणि एक दिवस बॉनेटखालून नेहमीपेक्षा वेगळी ठकठक सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की दोन मिनिटं कान देऊन मेकॅनिक सांगतो, “बेअरिंग वाजतंय, इंजिन खोलावं लागेल.” आमच्या घरच्या गाडीबद्दल वडिलांना हेच सांगितलं गेलं होतं. इंजिनकामाचा खर्च त्या गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या जवळपास जात होता, म्हणजे गाडी भंगारात काढायचा निर्णय जवळजवळ झालाच होता. शेवटी दोष निघाला एका इंजेक्टरमध्ये. मी मेकॅनिक नाही, कोड लिहितो. पण बग शोधताना जसं आधी कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे ते ठरवतो, तसंच इथेही करता येतं, आणि त्यासाठी लागणारी निम्मी साधनं तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहेत.

डिझेल मुळात वाजतंच का?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा १६ ते १८ पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. पण फवारा आत गेल्या क्षणी पेटत नाही, मध्ये अगदी छोटा उशीर असतो. त्या उशिरात जितकं डिझेल आत जमा होईल तितकं ते एकदम भडकतं, सिलिंडरमधला दाब झटक्यात वाढतो, आणि तोच तो ‘डिझेलचा आवाज’.

कॉमन रेल इंजिनात यावर उपाय म्हणून मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक चिमुकला फवारा मारतात, त्याला पायलट इंजेक्शन म्हणतात. आत आधीच थोडी आग असली की मुख्य डिझेल हळुवार पेटतं. एखादा इंजेक्टर झिजला, गळायला लागला किंवा त्याचा पायलट फवारा नीट येईना, की तो एकच सिलिंडर जुन्या जीपसारखा वाजू लागतो. म्हणजे इंजिनाचं लोखंड धडधाकट असूनही ठकठक येऊ शकते.

सकाळी थंड इंजिन थोडं जास्त वाजणं नॉर्मल आहे. नव्या पंपावर डिझेल भरल्यानंतर लगेच चारही सिलिंडर एकसारखे वाजू लागले असतील, तर आधी डिझेलवर संशय घ्या. आणि थंडीत येणारा पोकळ आवाज इंजिन तापल्यावर विरत असेल तर तो बहुतेक पिस्टनचा असतो. तो लगेच जिवावर बेतणारा नाही.

आधी हे बघा, बाकी नंतर

ऑइलचा लाल दिवा लागला असेल, किंवा खालच्या बाजूने जड, ‘ठण्ठण्’ असा आवाज येत असेल आणि इंजिन गरम झाल्यावर तो वाढत असेल, तर गाडी बंद करा आणि टो करून न्या. ही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची लक्षणं आहेत. असं इंजिन चालवत राहिलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

दिवा नसेल तर डिपस्टिक काढा. ऑइल कमी आहे का? आणि उलटं, भरलं होतं त्यापेक्षा वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय का? वाढलेलं ऑइल म्हणजे कुठूनतरी डिझेल त्यात मिसळतंय, आणि त्यात गळका इंजेक्टर हा मोठा संशयित असतो. पातळ झालेलं ऑइल पुढे बेअरिंगही खातं, त्यामुळे हे लांबणीवर टाकू नका.

फोनने ठोके मोजा

हा माझा आवडता भाग. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. समजा आयडलला आरपीएम ८४० आहे. ८४० भागिले ६० म्हणजे सेकंदाला १४ फेऱ्या. मग एका सिलिंडरच्या ज्वलनाचा ठोका सेकंदाला ७ वेळा पडेल. कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एका टॅपेटची टकटकही ७ वेळाच. क्रँकला जोडलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ रॉडचं बेअरिंग, साधारण दर फेरीला म्हणजे १४ वेळा वाजतात.

फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये दहा सेकंद रेकॉर्ड करा, एकदा इंजिनच्या वर आणि एकदा गाडीच्या खालच्या बाजूला फोन धरून. फिरत्या बेल्टपासून हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवा. मग आवाजाची लाट दाखवणाऱ्या कोणत्याही ऑडिओ एडिटरमध्ये फाइल उघडा आणि एका सेकंदातले उंच शिखरं मोजा. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट वापरू नका, ती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते आणि तुम्हाला हवा तोच आवाज दाबून टाकू शकते. मेकॅनिकला पाठवायची असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मात्र हा पुरावा आहे, निकाल नाही. बेअरिंग कधीकधी फक्त ज्वलनाचा दाब आल्यावरच वाजतं, तेव्हा तेही ७ वेळा ऐकू येतं.

घाटातली चाचणी

आधुनिक डिझेल गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलात की ईसीयू इंजेक्शन बंद करतो. इंजिन फिरत असतं, पण आत काहीच पेटत नसतं. आम्ही पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना हेच केलं: तिसरा गिअर, २००० च्या आसपास आरपीएम, पाय सोडला, काच खाली. ठकठक गायब! ॲक्सिलरेटरला पाय टेकवला की परत हजर. न्यूट्रलमध्ये हे करू नका. त्यात इंजेक्शन चालूच राहतं, शिवाय घाटात ते धोक्याचंही आहे.

डिझेल बंद असतानाही आवाज तसाच राहिला तर दोष यांत्रिक आहे: चेन, टॅपेट, बेअरिंग, अल्टरनेटरची पुली वगैरे. पूर्ण गेला तर इंजेक्टरकडे बोट जातं. बेअरिंगचाही आवाज लोड गेल्यावर कमी होतो, पण पाय सोडता-धरतानाच्या त्या मधल्या क्षणी तो बहुधा उलट ठळक होतो. तो क्षण लक्ष देऊन ऐका.

ब्लूटूथ ओबीडी डोंगल असेल तर ॲपवर आरपीएम, कूलंटचं तापमान आणि बऱ्याच गाड्यांत रेल प्रेशर दिसतं. प्रत्येक सिलिंडरला ईसीयू किती डिझेल कमी-जास्त देतोय हा आकडा सगळ्यात कामाचा असतो, पण तो कंपनीनुसार वेगळ्या पद्धतीने साठवलेला असतो, त्यामुळे फुकट ॲपमध्ये सहसा दिसत नाही. गॅरेजच्या स्कॅनरवर दिसतो. तो मागून बघा.

गॅरेजमध्ये काय करवून घ्यायचं

लीक-ऑफ टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून चार बाटल्यांत डिझेल गोळा करतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. ही टेस्ट स्वस्त आहे, त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही, आणि तरीही ती न करता हेड उतरवायला निघणारे लोक मी पाहिलेत.

एकेका इंजेक्टरचा प्लग काढून ठोका कुठे थांबतो ते बघण्याचीही पद्धत आहे. त्यात एक गोम आहे. ज्वलन थांबलं की त्या सिलिंडरच्या रॉडवरचा भारही जातो, त्यामुळे खराब बेअरिंगही गप्प होतं. म्हणजे सिलिंडर कळतो, कारण कळत नाही. तेवढ्यावरून “बेअरिंगच आहे” असं कुणी म्हणालं तर ऑइल प्रेशर गेजने मोजायला सांगा आणि जुना ऑइल फिल्टर कापून बघा. आत चमकदार किंवा तांबूस कण असतील तर बेअरिंगचा संशय खरा. हे प्लग स्वतः काढू नका, तिथे घरातल्या बॅटरीच्या खेळण्यांपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं.

आणि एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका: चालू इंजिनवर हाय-प्रेशर पाइपचा नट सैल करणं. जुन्या पंपाच्या इंजिनांवर मिस्त्री सर्रास असं करायचे. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि ‘चफ-चफ’ आवाज असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय, इंजेक्टर चांगला असू शकतो. गाडी बंद-चालू करतानाच धक्का बसत असेल तर इंजिन फाउंडेशन बघा.

इंजेक्टर बदलला किंवा रिपेअर करून बसवला की अनेक गाड्यांत त्याच्यावर कोरलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. प्रत्येक इंजेक्टर बनतानाच किंचित वेगळा असतो आणि त्याची दुरुस्ती त्या कोडमध्ये असते. फोनचा डिस्प्ले बदलल्यावर कॅलिब्रेट करावा लागतो, तसंच. कोड न भरता गाडी दिली तर नवा इंजेक्टरही ठोकू शकतो, आणि मग दोष परत बेअरिंगवर ढकलला जातो.

आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची बाटली बाकीच्यांच्या साधारण दुप्पट भरली. डिझेल लॅबमध्ये त्या इंजेक्टरचं नोझल टेस्ट बेंचवर थेंब टाकताना दिसलं. नोझल बदललं, कोड भरला, ठकठक गेली. आता आयडलला हलकी खडखड उरलीय, क्लच दाबला की थांबते. ती फ्लायव्हीलची आहे. क्लच प्लेट बदलायची वेळ आली की तेव्हाच बघू, असं वडिलांचं म्हणणं आहे.