सिंहाला पडलेली मते

डिसेंबर १९६३. मुक्तीला दोन वर्षे होत असताना गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. दिल्लीत ज्या काँग्रेसचे सरकार असताना गोवा सुटला, तिला इथल्या २८ जागांपैकी एकही मिळाली नाही. एकुलती एक आली ती दमणहून. नवख्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सिंह निशाणीवर सत्ता घेतली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

आपण मराठी माणसे याचे श्रेय विलीनीकरणाच्या ओढीला देतो. ते अर्धेच खरे. कूळ-मुंडकारांना काँग्रेसच्या उमेदवारांत आपला भाटकार, म्हणजे जमीनमालकच, दिसत होता. पोर्तुगीज गेले, तरी ज्याच्या भाटात घर त्याची मर्जी राखणे काही सुटले नव्हते. मतपेटीपुढे मात्र तो पाहायला नव्हता.

१६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. पक्षाचे नावच ज्या मागणीवर, ती संपली. तरी त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्ता दिली.

कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती यायला मात्र १९७६ उजाडले. भाऊसाहेब १९७३ मध्येच गेले होते. खुर्चीवर त्यांच्या कन्या शशिकलाताई होत्या.