एक साप की अनेक? बुशमास्टरच्या नावाचा इतिहास

१/ १७६६ साली लिनियसने सुरिनाममधील एका अजस्र विषारी सापास ‘क्रोटॅलस म्यूटस’ असे नाव दिले. अर्थ : मुका खुळखुळ्या. रॅटलस्नेकसारखा, पण शेपटीला खुळखुळा नसलेला.

२/ १८०३ मध्ये फ्रेंच निसर्गतज्ज्ञ दोदँ याने त्याच्यासाठी ‘लॅकेसिस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. आयुष्याच्या धाग्याची लांबी ठरवणाऱ्या ग्रीक नियतीदेवीचे हे नाव.

३/ पुढे मध्य अमेरिकेतील साप अभ्यासले गेले. कोपने १८७५ मध्ये ‘स्टेनोफ्रिस’, तर सोलोर्झानो व सेर्दास यांनी १९८६ मध्ये काळ्या डोक्याचा ‘मेलॅनोसेफाला’ वर्णिला. तरीही दीर्घकाळ हे सारे एकाच जातीचे उपप्रकार मानले गेले.

४/ १९९७ मध्ये झामुडिओ व ग्रीन यांनी डीएनए तपासून त्यांना स्वतंत्र जाती ठरवले. कोस्टारिकातील तालामांका पर्वत उंचावत गेला, तसे त्याच्या दोन्ही उतारांवरील साप लक्षावधी वर्षांपूर्वीच एकमेकांपासून दुरावले होते.

५/ हा वाद केवळ नावाचा नव्हे. जात एकच मानली, तर ती मध्य अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत पसरलेली, म्हणून निर्धोक भासते. वेगळी मानली, की मेलॅनोसेफालाच्या वाट्याला मुख्यतः नैऋत्य कोस्टारिकातील वर्षावने उरतात. ती तुटली, तर त्याला दुसरे घर नाही.