पाचशे रुपयांचा फराळ: तेवीस तासांचा घटनाक्रम

रविवार, १९ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७.००
फराळाला २३ तास बाकी

उद्या नरक चतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान आणि सहा वाजता फराळाची ताटं. ताटात चार पदार्थ: बेसनाचे लाडू, करंज्या, अनारसे, चकल्या. चारही ‘पाचशे रुपयांत घरचा फराळ’ या मोबाइलवर फिरणाऱ्या कृतीबरहुकूम होणार.

नियम एकच. कृतीत लिहिलं आहे तेच, तेवढंच आणि त्याच क्रमाने करायचं. हाताची सवय मध्ये आणायची नाही. सासूबाईंना हे जड जाणार आहे, कारण पीठ नुसतं बघून पाणी किती लागेल हे त्या सांगतात. पण कृती जिच्यासाठी लिहिली आहे, तिच्या शेजारी सासूबाई उभ्या असतीलच असं नाही.

चाखून निकाल देणाऱ्या चौघी: सासूबाई, शेजारच्या काकू, माझी मुलगी आणि आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या ताई. खरं तर हा सगळा घाट ताईंसाठीच आहे. गुरुवारी भाऊबीज, त्यांचे भाऊ डोंबिवलीला येणार. परवा त्यांनी मोबाइल पुढे धरून विचारलं होतं, “वहिनी, हे खरंच पाचशेत होतं का हो? होत असेल तर मी करते.”

सकाळी ८.३०
२१ तास ३० मिनिटं बाकी

किराणा आणला. एक लिटर पामतेल १३५ रुपये, अर्धा किलो बेसन ५०, किलोभर तांदळाचं पीठ ६०, साखर ४५, रवा आणि मैदा मिळून ५०, सुकं खोबरं जेमतेम पन्नास ग्रॅम, दूध, दोन केळी, तीळ, वेलची, तिखट-हिंग. बेरीज ४५५. पाचशेच्या आत बसली, हे कृतीच्या बाजूने मान्य केलं पाहिजे. बेरजेत गॅस मात्र नाही. १४.२ किलोचं सिलिंडर या ऑक्टोबरात मुंबई परिसरात साडेआठशेच्या थोडं वर आहे, म्हणजे किलोला साठ रुपये. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. दिवसभर तळण असेल तर तीस-पस्तीस रुपये धरायलाच हवेत.

यादीत तूप कुठेच नाही. २२ सप्टेंबरपासून तुपावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तरी चांगलं तूप किलोला सहाशेच्या वरच आहे. खोबऱ्याचे भाव तर यंदा ऐकवत नाहीत. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात एक-एक किलो रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होतं. कृती लिहिणाराच्या डोळ्यांपुढे तसलाच शिधा असावा. त्यात वावगं काहीच नाही. त्या शिध्यातून सुंदर शेव होते. प्रश्न आहे तो त्यातून अनारसे काढण्याचा.

सकाळी १०.००
२० तास बाकी

लाडवांचं बेसन पाव लिटर पामतेलात भाजायला घेतलं. मंद आच, सतत हलवणं, यात कृती चोख आहे. वीस मिनिटांनी बेसनाचा खमंग वास सुटला आणि काकू दारातूनच म्हणाल्या, “झाले वाटतं लाडू!” तो वास डाळीचा होता. तुपात भाजताना त्यात दुसरा वास मिसळतो, तो इथे आला नाही.

एक आकडा इथे नोंदवते, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबणार आहे. लिटरभर तेलातलं पाव लिटर लाडवांत गेलं. तळणाला उरलं पाऊण लिटर. कृतीत ठळक लिहिलं आहे: ‘सगळे पदार्थ एकाच तेलात तळा, आधी गोड, मग तिखट.’

सकाळी ११.३०
साडेअठरा तास बाकी

लाडू वळले गेले, पण हाताला तेल लागत राहिलं. तूप गार झालं की थिजतं आणि लाडू धरून ठेवतं. बाजारातलं पामतेल साधारण चोवीस अंशांखाली जावं तेव्हा कुठे गोठू लागतं, आणि ऑक्टोबरातल्या डोंबिवलीत दुपारी तापमान तीस अंशांच्या वर असतं. सासूबाई परातीकडे बघून एवढंच म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत बसतील हे.”

दुपारी १.००
१७ तास बाकी

करंज्या. सारणात खोबऱ्याच्या जागी भाजलेला रवा, वर नावाला दोन चमचे खोबरं. पारी मैद्याची, मोहन कडकडीत तेलाचं. तळताना एकही फुटली नाही, रंगही बरा आला. खाताना पारी खुसखुशीत आणि आत साखर घातलेली कोरडी वाळू. खोबरं दाताखाली ओलसरपणा देतं, रवा तोंडातला ओलावा ओढून घेतो. पण खाता येते. दहात पाच गुण.

दुपारी २.३०
साडेपंधरा तास बाकी

ओट्यावर सगळं थांबलेलं आहे, तोवर थोडं बोलते.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ घरोघरी गेली याचं मोठं कारण म्हणजे तिची मापं वाटी-चमच्यांची होती आणि ती जुळत होती. नवी सून पुस्तक उघडून एकटीने पदार्थ करायची आणि तो व्हायचा. तेवढा विश्वास छापलेल्या ओळीवर टाकता येत होता.

स्वस्तातल्या कृतीकडून तर त्याहून जास्त अपेक्षा हवी. महागडा केक बिघडला तर करणारी पुन्हा सामान आणू शकते. ज्या घरात दिवाळीचं सगळं सामान पाचशेत बसवायचं आहे, तिथे दुसऱ्या घाण्याचे पैसेच नसतात. म्हणून कमी खर्चाची कृती सगळ्यांत जास्त वेळा करून, पारखून, मगच लोकांपुढे ठेवली पाहिजे. घडतं नेमकं उलटं. महाग जिन्नस खोडायचा, तिथे स्वस्त लिहायचा आणि फोटो मात्र तुपातल्या पदार्थाचा लावायचा. याचा मला मनापासून राग येतो. चार माणसांत हसू होईल की काय, ही धास्ती ताईंसारख्या बाईने का वाहायची?

दुपारी ४.००
१४ तास बाकी

‘झटपट अनारसे.’ तांदळाचं पीठ, पिठीसाखर, कुस्करलेलं केळं, दुधाचा हात. अर्धा तास झाकून ठेवा आणि तळा.

अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात. मग ते कापडावर सावलीत पसरतात आणि दमट असतानाच कुटतात. त्यात गूळ किंवा साखर मिसळून गोळे मुरायला ठेवतात. तीन दिवसांत तांदूळ किंचित आंबतो, मऊ पडतो, त्याचं पीठ साखर धरून ठेवतं आणि तुपात सोडल्यावर जाळी पडते. खसखशीची बाजू वर ठेवतात, अनारसा उलटत नाहीत, झाऱ्याने वर तूप उडवत राहतात. या सगळ्यात पैसा फारसा लागत नाही. लागतात ते दिवस. झटपट कृतीने नेमके तेच कापले आहेत, आणि खसखशीच्या जागी तीळ लावून त्याला बचत म्हटलं आहे.

संध्याकाळी ५.३०
साडेबारा तास बाकी

पहिला अनारसा तेलात सोडला. कडा सुटायला लागल्या. दुसरा सोडला, तो मधोमध फाटला. सासूबाई म्हणाल्या, “हसला!” आणि पुढे आल्या. तोवर दोन्ही अनारशांचं तेलात पीठ झालं होतं. साखर वितळली, केळ्याच्या आणि दुधाच्या पाण्याने फेस उसळला आणि कढईच्या काठापर्यंत चढला. मुलीला मागे ओढलं, गॅस बंद केला. फेस काठाशी येऊन थांबला. आणखी बोटभर वर चढता तर तेल बर्नरवर उतरलं असतं. साधीसुधी वाटणारी ही कृती भाजवू शकते, आणि त्यात सावधगिरीची एक ओळ नाही.

फेस बसल्यावर कढईत दिसलं ते तपकिरी तेल, तळाला जळकी साखर आणि काळे कण.

संध्याकाळी ६.१५
११ तास ४५ मिनिटं बाकी

कृती म्हणते, तेल गाळून पुढे वापरा. गाळलं. मोठे कण गेले, बारीक राहिले, जळक्या साखरेचा वास तर गाळणीत अडकत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीचं तेल बिघडताना त्यात वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हॉटेलवाल्यांकडे ते मोजायचं यंत्र असू शकतं. घरात रंग, फेस, धूर आणि नाक यांवरच भागवायचं. सासूबाई स्पष्ट म्हणाल्या, “हे टाक. पोरांच्या पोटात घालायचं नाही.”

तेल टाकलं की पाचशेचा हिशेब मोडतो. न टाकलं तर चकल्या या तेलात. ताईंच्या घरी हीच वेळ आली असती तर त्यांनी काय केलं असतं? त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “टाकलं नसतं, वहिनी. कुठून आणणार दुसरं?” म्हणून पहिला घाणा याच तेलात तळायचा ठरला, फक्त निकालापुरता.

रात्री ८.००
१० तास बाकी

चकलीच्या पिठात एकही डाळ नाही. नुसतं तांदळाचं पीठ, तिखट, तीळ, मोहन आणि उकळतं पाणी. सोऱ्यातून चकली पडताना दर वेढ्याला तुटत होती. काटे उमटले नाहीत. तेलात गेली ती वरून लगेच काळपट झाली, बुडबुडे मात्र थांबेनात, म्हणजे आत कच्चीच. नीट तळू दिली तर चकली गार झाल्यावर दातांना दाद देईना. डाळींशिवाय चकलीला खुसखुशीतपणा यायचा कुठून?

आता भाजणीचा हिशेब मांडते, कारण तिला कृतीने ‘खर्चीक’ म्हणून वगळलं आहे. चार भाग तांदूळ, दोन भाग चणाडाळ, एक भाग उडीदडाळ. किलोभर भाजणीला तांदूळ साधारण सव्वीस रुपयांचे, चणाडाळ चोवीसची, उडीदडाळ सतराची. झाले ६७. गिरणीवर दळणाचे दहा. एकूण ७७. दुकानातून आणलेलं तांदळाचं पीठ होतं ६० रुपयांचं. सतरा रुपयांसाठी चकलीचा जीव घेतला, आणि हे सतरा रुपये कुणी मोजून पाहिलेच नव्हते.

रात्री ९.१५
पावणेनऊ तास बाकी

दुसरं लिटर तेल आणलं, १३५ रुपये. खर्च ५९०, गॅस धरून सव्वासहाशे. नव्या तेलात उरलेल्या चकल्या तळल्या. रंग सुधारला, दगडपणा तसाच.

रात्री ११.३०
साडेसहा तास बाकी

लाडू बसले. परातीला सपाट तळ टेकून, खाली कागदावर तेलाचे डाग.

सोमवार, २० ऑक्टोबर, पहाटे ५.००
१ तास बाकी

उटणं, तेल, कढत पाणी. मुलीने अंगठ्याने कारीट फोडलं. खाली अंगणात पणत्या आणि वर आमच्या ओट्यावर झाकून ठेवलेले तीन डबे.

सकाळी ६.००

ताटं वाढली. अनारशाची जागा रिकामी होती.

निकाल असा. लाडू: काकूंनी अर्धा खाऊन बाजूला ठेवला, टाळूला तेलाचा लेप बसतो म्हणाल्या. दहात तीन. करंजी: कालचे पाच कायम. चकली: मुलीने एक तुकडा तोंडात धरून ठेवला आणि मग हळूच काढला. दहात एक, तोही हिंगाला. अनारसा: शून्य, आणि कढईतल्या फेसामुळे कृतीच कायमची बाद. सासूबाईंनी गुण दिलेच नाहीत. त्या म्हणाल्या, “अर्धा किलोचे तेलातले लाडू करण्यापेक्षा पाव किलोचे तुपातले करावेत. दहा होतील, पण लाडू होतील.” पाव किलो बेसनाला सव्वाशे ग्रॅम तूप, म्हणजे ऐंशी रुपये. बेसन पंचवीसचं, साखर दहाची. ११५ रुपयांत दहा लाडू. मी ते वहीत लिहून घेतलं.

ताई सातला आल्या. त्यांनी चकली हातातच मोडून पाहिली, चाखायची गरज पडली नाही. मग आम्ही दोघींनी बसून पाचशेची यादी नव्याने मांडली: पावकिलो बेसनाचे तुपातले लाडू, तेवढ्याच बेसनाची तिखट शेव, मैद्याच्या शंकरपाळ्या, पातळ पोह्यांचा शेंगदाणे-डाळं घातलेला चिवडा. तळायला शेव आणि शंकरपाळ्या एवढंच, आधी शंकरपाळ्या, मग शेव, त्यामुळे एक लिटर तेल पुरून उरतं. चिवड्याला तर फोडणीपुरतं. लाडवांचे ११५, तेलाचे १३५, शेवेच्या बेसनाचे २५, मैदा-साखरेचे ५०, पोहे-दाणे-डाळ्याचे ९०, मीठ-मसाल्याचे २५, गॅसचे ३०. बेरीज ४७०. यातला एकही पदार्थ दुसऱ्या कुणाची नक्कल नाही, आणि प्रत्येक पदार्थ सासूबाईंच्या हाताखालून गेलेला आहे.

ताईंनी यादी दोनदा वाचली. “चकली राहू दे मग,” त्या म्हणाल्या. “थोरल्याला शेवच आवडते तशी. वहिनी, बुधवारी तुमचा सोऱ्या द्याल ना?”